नाव ठेवणं, नावं ठेवणं

"ते निळ्या पक्ष्याचं चित्र पुन्हा पाठवता का? मागच्या वर्षीचं." एवढाच निरोप होता. मी टॅब्लेट उघडला आणि गॅलरीत ओळीनं सतरा 'अनटायटल्ड आर्टवर्क' दिसली. बोटानं वर सारत गेले, तरी संपेनात. निळा पक्षी मी काढला होता हे नक्की. पण थंबनेलमध्ये, म्हणजे चित्राच्या छोट्या प्रतिमेत, पक्ष्यासारखा दिसणारा निळा ठिपका उघडला की निघायची वाऱ्यानं उलटी झालेली छत्री. पाऊण तासानं पक्षी सापडला. तो एका स्टॅकच्या, म्हणजे चित्रांच्या गठ्ठ्याच्या, पोटात होता आणि त्या स्टॅकचं नाव होतं 'स्टॅक'.

प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं ॲप वापरणाऱ्यांना हे नवं नसेल. नवा कॅनव्हास उघडला की ते चित्र निनावीच जन्माला येतं आणि गॅलरीत डावीकडे वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. मला तर हा ॲपचा चांगुलपणाच वाटतो. चित्र काढायची हुक्की आलेली असताना कुणी आधी "नाव काय?" असं दरडावून विचारलं, तर मी पेन्सिल खाली ठेवून झोपून जाईन. दोष माझाच. "नंतर देऊ नाव" म्हणताना तो 'नंतर' कधी येणार, हे मी कधी ठरवलंच नाही.

तो आला त्या पक्ष्याच्या रात्री. म्हटलं, आज सगळ्यांना नावं देऊनच उठायचं.

नाव बदलणं तसं सोपं. थंबनेलखालच्या बारीक अक्षरांवर बोट टेकवायचं, कीबोर्ड वर येतो, लिहायचं, झालं. पण बोट जरासं वर पडलं की नावाऐवजी चित्रच उघडतं, आणि उघडलेलं चित्र नुसतं बघून मिटणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पंखाची ही कड जरा जाड झालीये का? ही सावली उलट्या बाजूला कशी? वीस मिनिटं गेली आणि नाव आहे तिथंच. दुसरीकडे बोट जास्त वेळ दाबलं गेलं तर चित्र जागचं उचललं जातं आणि शेजारच्यावर पडलं की दोघांचा स्टॅक होतो. त्या रात्री माझी उलटी छत्री आणि कुणा दंतवैद्यासाठी केलेला हसऱ्या दाढेचा लोगो बराच वेळ एकाच स्टॅकमध्ये नांदत होते.

ज्यांना नावं होती त्यांची कथा तर आणखी निराळी. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हेच', 'हेच हेच'. यातून चित्रात काय आहे ते कळत नाही, पण रात्री किती वाजता मी किती वैतागले होते ते नेमकं कळतं. असलं नाव माझ्या एकदा चांगलंच अंगाशी आलं होतं. मोठा बदल करण्याआधी शहाणपणानं चित्राची डुप्लिकेट काढली, तिच्यावर चार तास घाम गाळला आणि पाठवताना मूळच पाठवलं. दोन्ही फायलींचं नाव एकच, आणि अंगठ्याएवढ्या थंबनेलमध्ये चार तासांचा फरक दिसत नाही. समोरून अत्यंत सभ्य उत्तर आलं: "छान आहे. आपण बोललो होतो ते बदल कधीपर्यंत होतील?"

मग पद्धत ठरवली. आधी तारीख, तीही वर्ष, महिना, दिवस अशी. आयएसओ ८६०१ या मानकात तारीख अशीच लिहितात आणि त्याची गंमत संगणकावर फायली गेल्यावर कळते: नावानं लावल्या की त्या आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. मग विषय, मग आवृत्तीचा आकडा, तोही '२' नव्हे, '०२'. साध्या अक्षरक्रमात आधी पहिला अंक बघितला जातो, त्यामुळे '१०' हा '२' च्या आधी जाऊन उभा राहतो. एमएस-डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या काळी फाइलच्या नावाला आठ अक्षरं मिळत आणि टिंबानंतर तीन. विंडोज ९५ नं २५५ पर्यंत मोकळीक दिली. आठच अक्षरं असताना माणूस निदान थांबून विचार तरी करत असेल. २५५ मिळाल्यावर माझ्यासारखी 'हेच हेच' लिहायला मोकळी.

(लेअरच्या, म्हणजे चित्रातल्या एकावर एक थरांच्या, नावांबद्दल इथं बोलत नाही. 'लेअर ४७' वर नेमकं काय आहे, हे मला त्याच्यासमोरची टिक काढून कुठला अवयव गायब होतो ते बघूनच कळतं.)

पण पद्धत ठरली तरी हात चालेना. तारीख झाली, आकडा झाला, विषयापाशी येऊन अडायचं. मराठीत एका अनुस्वारानं किती घोटाळा होतो बघा: नाव ठेवायला बसावं आणि नावं ठेवत बसावं. 'मुलगी-खिडकी' लिहायला गेले, तर ही मुलगी कुठं दिसते, खांबच वाटतो. 'समुद्र' लिहिलं आणि लाजून 'निळं-काहीतरी' केलं. निनावी होती तोवर सगळी चित्रं बरी होती, कारण ती नक्की कशाची आहेत हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी इतके दिवस टाळत होते ते टायपिंग नव्हेच.

एक तर काही केल्या ओळखू येईना. राखाडी, मध्ये काहीतरी वळलेलं. कॅनव्हासची माहिती उघडली: स्टॅटिस्टिक्समध्ये हजारो स्ट्रोक आणि नऊ तासांहून जास्त वेळ नोंदलेला. टाइमलॅप्स, म्हणजे चित्र काढतानाचं वेगवान चित्रण, चालवून पाहिला. भराभर रेषा आल्या, पुसल्या, रंग बदलले, एक हात आला आणि गेला. माझे नऊ तास ॲपनं मोजून ठेवले होते, मीच ते विसरले होते.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं ते प्रसिद्ध 'नाइट वॉच', म्हणजे 'रात्रीचा पहारा', १६४२ चं. हे नाव त्यानं दिलेलं नाही, त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी ते रूढ झालं. वरचं वॉर्निश काळवंडलेलं, म्हणून बघणाऱ्यांना रात्र वाटली. १९४० च्या दशकात ते काळं वॉर्निश उतरवलं, तेव्हा खालून दिवस निघाला. नाव मात्र रात्रीचंच राहिलं. राखाडी चित्राला मी तूर्त 'वळलेलं-०१' म्हटलं आणि टॅब्लेट मिटला.

पक्षी तर सापडल्या सापडल्याच पाठवला होता. सकाळी उत्तर आलं: "हा नाही हो. तो मोठा, पंख पसरलेला." सोबत, मी मागे पाठवलेल्या नमुन्यांतून कापून घेतलेला एक छोटासा तुकडा. माझी उलटी छत्री.

दाढेच्या शेजारून तिला बाहेर काढलं. नावातलं 'छत्री' पुसलं, 'निळा-पक्षी-०१' लिहिलं आणि पाठवून दिली.