भुसावळातली बर्बन: पहिल्या बाटलीची नोंदवही

डिसेंबर, दुसरा आठवडा

बाटली आणली. जिम बीम, अमेरिकी बर्बन व्हिस्की, पांढरं लेबल, ७५० मिली. दुकानात बर्बन म्हणून दोनच बाटल्या होत्या, त्यातली ही स्वस्त. इतकी वर्षं मी स्कॉच आणि आपल्याकडच्या सिंगल माल्टच्या मागे होतो. बर्बन म्हणजे कोकमध्ये टाकून प्यायची चीज, असं कुणीतरी सांगितलं आणि मी ते धरून बसलो. या हिवाळ्यात ठरवलं: एकच बाटली घ्यायची, कोरी प्यायची, एका बैठकीला ३० मिलीच्या वर जायचं नाही आणि दर बैठकीला वहीत लिहायचं. ७५० मिलीत २५ छोटे पेग बसतात. म्हणजे २५ धडे.

पहिला धडा फुकट गेला. रुंद तोंडाच्या ग्लासात ओतली, नाक आत घातलं तर नुसता स्पिरिटचा झटका. घोट घेतला. आधी गोड, मग तिखट, मग काही नाही. वहीत लिहिलं, "गोड. जळजळ. संपली."

तिसऱ्या बैठकीपर्यंत हेच. जाणकार मंडळी हिच्याबद्दल व्हॅनिला, कॅरमेल, ओक असं लिहितात. मी ते शब्द समोर ठेवून शोधत बसलो. पण व्हॅनिला मला आइस्क्रीमपुरती ठाऊक, आणि ओकचं लाकूड मी उभ्या जन्मात हुंगलेलं नाही. सातपुड्यात साग आहे, अंजन आहे, ओक कुठला?

डिसेंबरचा शेवटचा रविवार

मामा शिरपूरहून आले. गळ्यात माळ आहे, थेंबही घेत नाहीत. टेबलावर ग्लास आणि वही पाहून विचारलं, "हाई कसानी शे?" मी म्हटलं, "मक्याची, मामा." त्यांचा स्वतःचा रब्बीचा मका उभा आहे, त्यामुळे कुतूहल वाटलं. ग्लास हातात घेतला, नाकापासून वीतभर लांब धरला आणि हळूहळू जवळ आणला. दूध नासलंय का बघताना आणतात तसा. मग म्हणाले, "इले ते भुंजेल शेंगाना वास येस."

मी ग्लास परत घेतला आणि त्यांच्यासारखाच लांबून जवळ आणला. भाजलेले शेंगदाणे! लोखंडी कढईत भाजून, सुपात ओतून, फोलपटं पाखडताना जो कोरडा, किंचित कडसर वास उठतो, तोच. दोन आठवडे तो माझ्या नाकासमोर होता.

जिम बीम पिणारे जगभर हिच्यात शेंगदाणा सापडतो असं सांगतात, हे मला नंतर कळलं. आधी वाचलं असतं तर मी तो वाचून शोधला असता. मामांनी तो न वाचता, न पिता सांगितला, याचं मला फार मोल वाटतं. त्या दिवसापासून वहीत परक्या वासांची नावं लिहायची नाहीत असं ठरवलं. माझ्या नाकाने आयुष्यात जे वास घेतलेत, तेवढेच लिहायचे.

त्याच रात्रीची दुसरी नोंद: ग्लास बदलला. बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळता असा छोटा ग्लास घेतला. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगलं की झटका निम्म्यावर येतो.

जानेवारी, पहिला आठवडा

मक्याबद्दल मामांनी विचारलेलं, म्हणून थोडं नीट लिहून ठेवतो. बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो. उरलेल्यात बहुधा राय (गव्हासारखं एक धान्य) आणि माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं, सातू. मका गोडवा देतो, राय तिखटपणा. ती अमेरिकेतच बनली पाहिजे, तिथल्या केंटकी राज्यातच असं नाही. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून तिला आपल्या देशाची खास वस्तू म्हटलं. पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही, बाटलीत ४० च्या खाली चालत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम असा की रंग किंवा स्वाद वरून घालायचा नाही. स्कॉचला कॅरमेलचा रंग चालतो, हिला तोही नाही. म्हणजे ग्लासात दिसतो तो तांबूस रंग सगळा लाकडाचा. भट्टीतून निघताना ती मोहाच्या दारूसारखी पाण्याइतकी नितळ असते.

पिंप दर वेळी नवं कोरं लागतं, ओकचं, आतून जाळलेलं. एकदा वापरलं की बर्बनला ते चालत नाही. मग ती पिंपं स्कॉटलंडला जातात, आपल्याकडच्या माल्टवाल्यांकडेही येतात. म्हणजे मी इतकी वर्षं ज्या सिंगल माल्टचं कौतुक करत होतो, त्यातला बराच गोडवा आधी बर्बन मुरलेल्या लाकडाचा होता. त्या रात्री हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

मकर संक्रांतीनंतरचा शनिवार

यावलला मळ्यात भरिताची पार्टी. हिरवी, लांबोडकी, भरिताची वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकली. साल पार कोळसा झाली. ती सोलली की खाली एक पातळ तांबूस थर लागतो. ना जळलेला, ना नुसता शिजलेला. मी तो बोटाने काढून चाटला. गोड, आणि त्या गोडव्याला कडेने जळकी किनार.

जाळलेल्या पिंपाचं हेच आहे. ज्वाळा आत सोडतात, लाकडाचा पृष्ठभाग कोळसा होतो, मगरीच्या पाठीसारखा भेगाळतो. पण चव त्या कोळशात नाही, त्याच्या मागच्या थरात आहे. तिथे उष्णतेने लाकडातली साखर करपून गुळासारखी झालेली असते आणि लिग्निन हे लाकडाला बांधून ठेवणारं द्रव्य फुटून व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन सुटलेलं असतं. व्हिस्की कोळशातून आत मुरते, त्या थरातून हे घेऊन बाहेर येते. म्हणून बर्बनला धुराचा वास नसतो. धुरकट स्कॉचचा धूर सातू वाळवताना जाळलेल्या पीटमधून (दलदलीतल्या कुजक्या, वाळवलेल्या मातीतून) येतो, पिंपातून नाही. दोन्हीकडे जाळ आहे, पण कामं वेगळी.

पार्टीत बाटली काढली नाही. भरितातल्या हिरव्या मिरचीनंतर जिभेला काय कळणार? बैठक नेहमी जेवणाआधी, आणि शेवभाजीच्या दिवशी तर मुळीच नाही.

फेब्रुवारी

सावद्याला मित्राचं केळी पिकवण्याचं रायपनिंग चेंबर आहे. कामासाठी गेलो होतो. त्याने दार उघडलं आणि गार हवेबरोबर जो वास आला तो पिकल्या केळ्याचा नव्हता. कॅरेटमध्ये केळी अजून हिरवट होती, फक्त देठाच्या खाली पिवळी झाक आलेली. तो वास जरा रंगाच्या डब्याच्या जवळचा, टोकदार, गोड.

रात्री १५ मिली ओतली. शेंगदाण्याच्या मागे, अगदी बारीक, तोच वास. केळ्याचा वास देणारं द्रव्य म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, आणि आंबवताना यीस्टही ते तयार करतं. केळं कधी त्या मक्याच्या जवळही गेलेलं नसतं. ज्यांना हे केळं ठळक हवंय त्यांनी जॅक डॅनियल्स हुंगून बघावी. ती टेनेसी या अमेरिकी राज्यातली व्हिस्की, मेपलच्या लाकडाच्या कोळशातून गाळलेली. तिच्यात केळं शोधावं लागत नाही, ते समोर येतं. रावेर-यावल पट्ट्यातल्या माणसाला हे दोन वास फुकट मिळालेत: मळ्यात पिकलेल्या घडाचा आणि चेंबरमधल्या हिरव्या केळ्याचा. बर्बनमधलं केळं यातलं दुसरं, चेंबरमधलं आहे.

मार्च

पाण्याचे प्रयोग. ३० मिलीत पाच थेंब, मग दहा, मग चमचाभर. पाच थेंबांनी जळजळ खाली बसली आणि गूळ वर आला. चमचाभर पाण्यात मात्र मधला भाग पातळ झाला, नुसता कडसर लाकडी शेवट उरला. ही ४० टक्क्यांच्या जवळची व्हिस्की आहे, हिला फार पाणी झेपत नाही. माझ्यापुरतं उत्तर पाच ते सात थेंब.

पाणी कोणतं, हे त्याहून महत्त्वाचं निघालं. आमच्या बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. त्याचे दहा थेंब टाकले तर शेवटी खडू चाटल्यासारखं झालं. जारच्या पाण्यात तसं होत नाही. एकदा मळ्यातल्या जुन्या, गंजलेल्या पाइपाचं पाणी घालून पाहिलं. मोठ्या चमच्याने घातलं आणि ग्लास खिडकीत ठेवला. थोड्या वेळात रंगात काळसर मळकट झाक आली. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो ना, तेच हे. लाकडातलं तुरट द्रव्य, टॅनिन, आणि पाण्यातलं लोह. केंटकीच्या पाण्याचं कौतुक करतात ते यासाठीच. तिथे ते चुनखडीतून झिरपतं आणि लोह मागे राहतं. हा ग्लास मी प्यायलो नाही, कुंडीतही ओतला नाही, मोरीत गेला.

एप्रिल, एक संध्याकाळ

मित्राने मेकर्स मार्क या दुसऱ्या बर्बनची अर्धी उरलेली बाटली आणली. तिच्यात रायच्या जागी गहू असतो. बायकोने तीन ग्लास भरले, दोन एकाचे, एक दुसऱ्याचा, आणि वेगळा ओळखायला सांगितलं. पाच फेऱ्यांत चार वेळा बरोबर आलं. गव्हाची जिभेच्या मध्यावर थांबते, मऊ, पोळीच्या कडेला तूप लावल्यासारखी. रायची कडेने चढते आणि घशाशी मिरी सोडते. चुकलो ती फेरी शेवटची होती, जीभ थकली होती. एका बैठकीला तीनच्या वर फेऱ्या करू नयेत.

मे

पारा ४४. संध्याकाळी घरातही ३६-३७. ग्लासात ओतताच नुसता मद्यार्क उडतो, शेंगदाणा नाही, गूळ नाही. आठवडाभर वाटलं बाटली उतरली. मग ग्लास आणि बाटली दोन्ही माठाजवळच्या ओल्या वाळूत अर्धा तास ठेवली. बर्फ नाही, बर्फाने सगळं मुकं होतं. वास परत आला, पूर्ण नाही, पण ओळखण्याइतका. माळ्यावर ठेवलेली बाटली खाली, कपाटातल्या अंधाऱ्या खणात हलवली. हे आधीच करायला हवं होतं.

याच उन्हाळ्याने पिंपात मात्र काम होतं. गरमीत व्हिस्की फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते. केंटकीत दोन्ही ऋतू कडक, म्हणून हिला चार वर्षं पुरतात. उडूनही बरीच जाते. स्कॉटलंडात वर्षाला दोनेक टक्के, केंटकीत त्याहून जास्त. आपल्या खान्देशात पिंप ठेवलं तर काय उरेल हा हिशोब मी मामांबरोबर फोनवर केला. ते म्हणाले, त्यापेक्षा मका विकलेला बरा.

जून, पहिला पाऊस

पंचविसावा पेग. हवा ओली, खिडकी उघडी. पाण्याशिवाय घेतला. वहीतली ओळ जशीच्या तशी: "आधी शेंगदाणा, सालासकट. मग केळ्याचं देठ. जिभेवर काकवी, कणसाच्या दाण्याचं दूध. शेवटी नव्या लाकडाची तुरट कड, मिरी थोडी. लवकर संपते." लवकर संपते हा तिचा उणेपणा आहे आणि तो या किमतीत मला मान्य आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं, तरी आमच्या दुकानात मला तो फरक जाणवला नाही. तरीही शिकायला हिच्याइतकी सरळ बाटली मला दुसरी दिसत नाही.

ग्लास न धुता रात्रभर तसाच ठेवला. सकाळी कोरड्या पडलेल्या ग्लासात नाक घातलं. मद्यार्क सगळा उडालेला, उरलेलं फक्त पिंप. गुऱ्हाळातली रिकामी कढई आणि वखारीतला ताजा भुसा. बायकोला दिला, तिने हुंगून सांगितलं, "गूळ, पण जुना."

पुढची बाटली गव्हाची. मामांना सांगितलंय, दिवाळीला आले की पहिला वास त्यांनीच घ्यायचा.