सराट्यांच्या वाटेसाठी ट्यूबलेस चाक: रिम ठरली, टेप झाली, सीलंट बाकी

सायकलचं मागचं चाक ट्यूबलेस, म्हणजे आतल्या ट्यूबशिवाय चालणारं, असं नव्याने बांधायला घेतलंय. टायर ४०-६२२ (४० मिमी रुंद, रिमवर बसतो तिथे ६२२ मिमी व्यासाचा), हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा ३२ भोकांचा, डिस्क ब्रेक. चाक फिरणार सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या अंगाच्या कच्च्या वाटांवर आणि शेतांच्या बांधांवरून, म्हणजे सराटे आलेच. सराट्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. त्याची भोकं सुईएवढी, आणि सीलंट, म्हणजे टायरच्या आत ओतायचा चिकट द्रव, नेमकी तसलीच भोकं बुजवतं.

रिम घेताना नजर आधी वजनाच्या आकड्यावर जाते. ट्यूबलेससाठी आधी बघायचा तो रिमचा छेद. भिंतीलगत टायरच्या बीडला, म्हणजे त्याच्या आतल्या कडक कडेला, टेकायला सपाट बैठक हवी, बैठकीच्या आतल्या कडेला बारीक उंचवटा हवा आणि मधे खोल पन्हळ. टायर चढवताना बीड पन्हळीत उतरतो म्हणून ढिलाई मिळते; हवा कमी झाली तरी उंचवटा बीडला घसरू देत नाही. जुन्या साध्या रिमवर, स्पोकची भोकं हवाबंद करणाऱ्या टेपचे थर चढवून टायर फुगतो खरा, पण उंचवटा नसला तर वळणावर बीड सुटतो आणि सीलंट रस्त्यावर. पुढच्या चाकाला तर हा जुगाड नकोच.

रुंदी आतून मोजायची, व्हर्नियरने, दोन्ही भिंतींच्या मधली. ४० मिमी टायरला २१ ते २५ मिमी चांगली. इथे २३ ठरली. १७ मिमीच्या रिमवर हाच टायर बल्बसारखा फुगतो आणि कमी हवेत वळणावर डुलतो. फार रुंद रिमवर टायर चौकोनी होऊन त्याच्या बाजू काट्यांसमोर उघड्या पडतात. भिंतीला आतून आकडा, म्हणजे बीडला धरून ठेवणारा हुक, असलेलीच रिम घेतली. बिनआकड्याच्या रिमला ५ बारची, म्हणजे साधारण ७२ पीएसआयची हवेच्या दाबाची कमाल मर्यादा असते, आणि टायरवरही तशी परवानगी छापलेली लागते. दुकानातल्या कॉम्प्रेसरवर दाब दाखवणारा काटा नसला तर ती मर्यादा कधी ओलांडली ते कळतसुद्धा नाही.

व्हॉल्व्हचं भोक तपासा. प्रेस्टाला (सायकलचा बारीक व्हॉल्व्ह) ६.५ मिमी, श्रेडरला (मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह) ८.५. मोठ्या भोकात प्रेस्टा बसवला तर तो डुगडुगतो आणि रबराच्या कडेने हवा गळते.

जुने स्पोक चालतील का? जुन्या आणि नव्या रिमचा ईआरडी, म्हणजे स्पोकची टोकं जिथे पोचतात तिथला व्यास, मोजा. त्यात ४ मिमीचा फरक म्हणजे स्पोकमध्ये २ मिमीचा. इथे तेवढाच निघाला, म्हणून स्पोक नवे. ट्यूबलेस टायर घट्ट बसला की स्पोकचा ताण थोडा उतरतो, त्यामुळे आऊट काढताना, म्हणजे चाक सरळ करताना, ताण मुळातच कमी ठेवू नका.

टेप २५ मिमी, दोन थर. आधी रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. बोटांचा तेलकटपणा राहिला तर टेप कडेने उचलते. व्हॉल्व्हच्या भोकाआधी वीतभर सुरुवात, भोकापलीकडे वीतभर शेवट. टेप ताणून धरत अंगठ्याने पन्हळीत दाबत जायचं. मग ट्यूब घालून ४० पीएसआयवर रात्रभर ठेवलं. व्हॉल्व्हचं भोक तापवलेल्या टोच्याने पाडलं. ब्लेडने पाडलेल्या भोकाच्या कोपऱ्यातून टेप फाटत जाते. व्हॉल्व्हची नट हातानेच आवळायची. पक्कडीने आवळली तर वाटेत ट्यूब घालायची वेळ आली की ती सुटत नाही.

पहिल्यांदा हवा भरताना व्हॉल्व्हचा कोर, म्हणजे आतली सुटी होणारी झडप, काढून साबणपाणी लावलं. दोन्ही बाजूंनी टक-टक आवाज आले आणि टायरवरची रेघ रिमच्या कडेशी सगळीकडे सारखी दिसली. पण बुडबुडे व्हॉल्व्हच्या नटपाशी. इथे फसायला होतं. डबल वॉल, म्हणजे दोन थरांच्या मधे पोकळी असलेल्या, रिममध्ये टेप कुठेही फुटली तरी हवा आतल्या पोकळीत शिरते आणि वाट मिळेल तिथून बाहेर येते: निपलमधून (स्पोक रिमला आवळणारी नट), रिमच्या सांध्यातून, नटखालून. व्हॉल्व्ह बदलण्याआधी टायर काढून टेप बघितली. एका स्पोकच्या भोकावर ती खाली ओढली गेली होती. तेवढा भाग सोलून दोन्हीकडे वीतभर जास्त टेप चिकटवली. आता बुडबुडे नाहीत.

उरलं सीलंट: व्हॉल्व्हमधून ७० मिली, मग चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवायचं. सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की ते लवकर सुकतं. एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला कोर काढून बारीक काडी घालून बघायची, ओली आली नाही तर ३० मिली वाढवायचं. हवा मागे ३८ पीएसआयपासून सुरू, स्वार सत्तर किलोचा धरून.