बियॉन्ड द पेल म्हणजे कुंपणाच्या पल्याड

परवा परभणीकडं गावी गेलतो, तिथं काका बाभळीच्या मेखा ठोकून शेताला कुंपण करत होते, शेजाऱ्यानं यंदा परत बांध कोरला म्हणून. म्हणले, "आता हद्द झाली बघ!" आणि मला एकदम इंग्रजीतला बियॉन्ड द पेल हा वाक्प्रचार आठवला, म्हणजे मर्यादा सोडून केलेलं वागणं.

मी कित्येक वर्षं पेल म्हणजे फिकट असंच धरून चाललो होतो. पण हा पेल वेगळाच, लॅटिन पालसवरून आलेला, म्हणजे टोकदार मेख, तीच जी काकांच्या हातात होती! मेखांचं कुंपण ते पेल, मग त्याच्या आतला मुलूख पण पेल. आयर्लंडमधे डब्लिनच्या आसपासचा इंग्रज राजाच्या ताब्यातला भाग 15व्या शतकात द पेल म्हणूनच ओळखला जायचा. बरेच लोक वाक्प्रचार तिथूनच आला म्हणून सांगतात, पण मला ते पटत नाही, कारण मर्यादा सोडून वागणं हा अर्थ पार 18व्या शतकात दिसतो, मधे एवढा काळ गेला. साधं कुंपणच मूळ असणार.

आणि आपली हद्द अरबीतून आली, तिचाही अर्थ सीमाच. शेताची सीमा आणि वागण्याची सीमा दोन्हीकडं एकच शब्द, हे मला लई आवडलं.