तुम्ही विचारलंत म्हणून: गेम खेळताना रडण्यासारखं काय असतं?

"तू गेम खेळताना रडतेस? त्यात रडण्यासारखं काय असतं?" हा प्रश्न मला घरात विचारला गेलाय, ऑफिसच्या डब्याच्या वेळी विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीतही विचारला गेलाय. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा पबजी किंवा कँडी क्रश असतं, म्हणून प्रश्न साहजिक आहे. नाटकाला गेलं की तिसऱ्या अंकात रुमाल निघतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मग जिथे बटणंच दाबायची, तिथे हुंदका येतो कुठून?

मी ज्यांच्याबद्दल बोलते ते गेम जरा वेगळ्या जातीचे असतात. त्यांत गुण नसतात, शत्रू असलाच तर नावापुरता, आणि दोन-चार तासांत सगळं संपतं. गोष्ट सांगायची, पण ती खेळणाऱ्याच्या हातून घडवून घ्यायची, हा त्यांचा खटाटोप. जेसन रोहरर यांनी 2007 साली केलेला 'पॅसेज' तर पाच मिनिटांचा आहे. एक माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत जातो. वाटेत हवी तर जोडीदार मिळते, पण ती सोबत असली की अरुंद बोळांतून जाता येत नाही, वाटेतल्या खजिन्याच्या काही पेटाऱ्यांवर पाणी सोडावं लागतं. दोघं म्हातारी होतात, आधी ती जाते, मग तो. पाच मिनिटांत एवढंच, आणि तरी खेळून झाल्यावर मी बराच वेळ दुसरं काही उघडू शकले नव्हते.

सिनेसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 2005 मध्ये एक मुद्दा मांडला होता. थोर साहित्य आणि सिनेमा यांची सूत्रं लेखक-दिग्दर्शकाच्या हातात असतात, गेममध्ये मात्र निवड खेळणाऱ्याकडे जाते, म्हणून गेम त्या पंगतीत बसत नाहीत, असा त्याचा आशय. गेमची बाजू घेणारे उलट सांगतात की निवड हीच तर गेमची ताकद. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. मला ज्या गेमनी आतून हलवलं, त्यांत निवड जवळजवळ नव्हतीच. गोष्ट ठरलेली, शेवट ठरलेला. माझ्याकडे होती ती फक्त कृती. तीच ती कृती माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतली गेली की हाताला तिची सवय लागली, आणि मग एका क्षणी गोष्टीने त्या सवयीलाच धक्का दिला.

नुसतं म्हणून हे पटणार नाही, म्हणून काही गेमचे शेवट मी इथे सांगणार आहे. ज्यांना आधी खेळायचेत त्यांनी खेळून परत यावं.

'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' 2013 मधला. जोसेफ फारेस हे मूळचे सिनेमाचे दिग्दर्शक, त्यांनी तो केला. आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघालेले दोन भाऊ. दोघांनाही तुम्हीच चालवायचं, एकाच वेळी. कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र, त्याची डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. पहिली काही मिनिटं फार गोंधळ उडतो, एक भाऊ झाडाला धडकतो तर दुसरा भलतीकडेच जातो. मग हळूहळू जमतं. धाकट्याला पोहता येत नाही, आई पाण्यात बुडून गेलेली त्याने पाहिलेली असते. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला बिलगतो आणि थोरला पोहतो, म्हणजे तुमचा डावा हात पोहतो.

शेवटाकडे थोरला मरतो. धाकटा स्वतः माती लोटून त्याला पुरतो, आणि ती माती तुमच्याकडूनच लोटून घेतली जाते. त्यानंतर घरी परतताना डावा हात रिकामाच असतो. पकड तशीच असते, बोट बटणावर असतं, पण त्या बोटाला काम नसतं. घरातलं माणूस गेल्यावर कित्येक दिवस चहाला एक कप पाणी जास्तच ठेवलं जातं, तसा तो हात. पुढे पुन्हा नदी येते. धाकटा काठावर अडून राहतो. त्याचं बटण दाबून काही होत नाही. मग काय सुचतं कोण जाणे, तुम्ही थोरल्याचं बटण दाबता, आणि धाकटा पाण्यात उतरतो.

इथे पडद्यावर एक अक्षर येत नाही. थोरला अजून त्याच्या पाठीशी आहे, हे माझ्या डाव्या हाताच्या बोटाला कळलं आणि मला नंतर कळलं. सिनेमात हे दाखवता येणार नाही असं नाही, पण सिनेमात माझं बोट एवढा वेळ बिनकामाचं राहिलेलं नसतं.

'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' हा 2017 चा गेम याहून अवघड. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावरचं फिंच कुटुंबाचं घर, आणि त्यातल्या एकेका माणसाच्या मृत्यूची कथा. त्यात लुईस नावाचा तरुण मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला असतो. त्याच्या मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या आईला लिहिलेलं पत्र आपल्या कानावर पडत असतं. उजव्या हाताने मासा उचलायचा, पात्याखाली सरकवायचा, डोकं उडालं की पट्ट्यावर टाकायचा. पुन्हा पुढचा. थोड्या वेळाने लुईसच्या मनात एक लहानसा खेळ सुरू होतो, पडद्याच्या कोपऱ्यात एक भुलभुलैया दिसतो आणि त्यातला माणूस डाव्या हाताने चालवायचा असतो. आधी साधासा, मग रंग येतात, नगर येतं, नौका, लोकांचा जयजयकार. हे स्वप्न मोठं होत होत सबंध पडदा व्यापतं.

मासे मात्र यायचे थांबलेले नसतात. उचल, सरकव, टाक. कारखाना जवळपास दिसेनासा होतो तरी उजवा हात काम करतच राहतो, आणि आपलं लक्षही नसतं. लुईसचं नेमकं हेच झालेलं असतं. शेवटी त्याला राज्याभिषेक व्हायचा असतो आणि मुकुट घ्यायला तो मान झुकवतो. ती मान कशाखाली झुकते आहे, हे इतका वेळ तीच हालचाल करणाऱ्या उजव्या हाताला वेगळं सांगावं लागत नाही.

कंटाळवाण्या नोकरीत मनाने निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल वाईट वाटायचं, पण ते दुरून. लुईसनंतर मला ते निघून जाणं कसं घडतं ते कळलं, आणि त्यात सुख असतं हेही कळलं. दुःखापेक्षा ते सुख मला जास्त लागलं.

काही गेम उलट वाटेने जातात, हाताला यशच देत नाहीत. रायन आणि एमी ग्रीन यांच्या मुलाला, जोएलला, वर्षाचा असताना मेंदूचा कर्करोग झाला. तो आजारी असतानाच त्यांनी 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' करायला घेतला. 2014 च्या मार्चमध्ये जोएल गेला, तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आणि गेम 2016 च्या जानेवारीत आला. एका प्रसंगात रात्री हॉस्पिटलच्या खोलीत बाळ रडत असतं आणि बाप त्याला शांत करू पाहतो. तुम्ही जे जे कराल त्याने रडणं थांबत नाही. इतर कुठल्याही गेममध्ये अशा वेळी आपण समजतो की कुठलं तरी बटण राहिलंय. इथे राहिलेलं काहीच नसतं. बाप प्रार्थना करायला लागतो.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून फाइल पुन्हा पुन्हा लावत असे. काहीतरी करत राहिलं पाहिजे असं वाटायचं. तो प्रसंग खेळताना मला त्या फायलीची आठवण झाली आणि मी गेम बंद केला. पुढचा भाग बऱ्याच महिन्यांनी खेळले. म्हणून "रडवणारे गेम मनाला बरे असतात" असं सरसकट मी कुणाला सांगत नाही. काहींना त्या वेळी ते झेपत नाहीत, आणि न झेपणं योग्यच असतं.

नुसते रडवण्यासाठी केलेले गेमही खूप आहेत. शेवटच्या दहा मिनिटांत एखादं लहान मूल किंवा कुत्रा मारायचा, मागे पियानो लावायचा. डोळ्यांत पाणी येतं, नाकारत नाही, पण त्यात माझ्या हातांनी काय केलं असं स्वतःला विचारलं तर उत्तर सापडत नाही. 2021 च्या 'बिफोर युअर आइज'ची गोष्टही तशी सरळ आहे, पण तिथे उत्तर सापडतं. लॅपटॉपचा कॅमेरा तुमच्या डोळ्यांवर असतो. पडद्यावर मेट्रोनोम, म्हणजे संगीताचा ताल मोजणारं यंत्र, दिसू लागला की पापणी लवताक्षणी काळ पुढे उडी मारतो. समोरच्याचं वाक्य अर्धं राहतं. ते पुरं ऐकावं म्हणून डोळे ताणून उघडे ठेवावे तर ते झोंबतात, भरून येतात, आणि भरलेले डोळे मिटावेच लागतात. आपल्याच शरीराने आपल्याकडून ती आठवण काढून घेतली, याचा राग मला अजून आठवतो.

हे सगळं माझ्या आतेबहिणीला सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "मला ते कंट्रोलर-बिंट्रोलर नको, फोनवर असेल तर दे." ती शाळेत गणित शिकवते, मोबाइलवर पत्तेही खेळत नाही. मी तिला 'फ्लॉरेन्स' दिला. मेलबर्नच्या एका छोट्या चमूने 2018 मध्ये केलेला, अर्ध्या-पाऊण तासाचा. फ्लॉरेन्स नावाची मुलगी आणि चेलो वाजवणारा क्रिश यांचं प्रेम जुळतं, पुढे तुटतं. पहिल्या भेटीत फ्लॉरेन्सचं बोलणं आपण तुकडे जोडून तयार करायचं. आधी तुकडे बरेच असतात, ओळख वाढेल तसे कमी होत जातात. आतेबहीण मजेत जोडत होती. मग भांडण आलं. तुकडे आता थोडेच, पण त्यांच्या कडा टोकदार. तिने एक-दोन पटापट लावले आणि थांबली. "अगं, हे सोपं झालंय," ती म्हणाली, "प्रेमाचं बोलायला एवढे तुकडे लागत होते, आणि भांडायला दोनच पुरतात."

क्रिश राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तूंना कपाटात जागा करून द्यायची असते. तेव्हा फ्लॉरेन्सचं काय काय काढून ठेवायचं यावर तिने बराच विचार केला होता. तो जातो तेव्हा त्याच वस्तू खोक्यात भरायच्या असतात. ते मात्र तिने एका दमात केलं, आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता तो दोन भावांचा दे. शिकव मला ते कंट्रोलरचं."

तर तुम्हीही 'फ्लॉरेन्स'पासून सुरुवात करा, त्याला फोन पुरतो. 'ब्रदर्स'ला कंट्रोलर मागून आणा पण कीबोर्डवर खेळू नका, दोन्ही हातांत धरायला ते यंत्र असायला हवं. एडिथ फिंच एका बैठकीत खेळा, मन थाऱ्यावर असेल तेव्हा. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर जोएलचा गेम सध्या राहू द्या, तो कुठे जात नाही.