आबांच्या पेटीतला टाकणखार

लातूर, मे महिना. रात्र.

सकाळी अकरानंतर पोरांना अंगणात सोडायची सोय नाही. पारा ४१ च्या वर गेलाय. दुपारभर कूलरसमोर चौघं: माझी थोरली, धाकटा आणि सुट्टीला आलेले नणंदेचे दोघं. मोबाइल कपाटात ठेवून दिला, तशी थोरलीच म्हणाली, "मग स्लाइम करू की आई."

फेव्हिकॉल शाळेच्या प्रोजेक्टचा उरला होता, खायचा रंग डब्यात होता. अडलं टाकणखारापाशी, म्हणजे बोरॅक्सपाशी. एवढ्या उन्हात किराणा दुकान गाठायचं म्हणून ओढणी डोक्याला बांधत होते, तर आबा पलंगावरून म्हणाले, "सवागीच पाहिजे ना? माझ्या पेटीत बघ की." टाकणखाराला ते सवागी म्हणतात.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हयातभर सोनारकाम केलं. गंज गोलाईच्या बाजारात दागिन्यांचा तयार माल भरू लागला, त्यातच डोळेही साथ देईनात, तेव्हापासून पेटी दिवाणाखाली आहे. फुंकणी, चिमटे, सांडशी, आणि एका पत्र्याच्या डबीत पांढरे खडे. नातवंडांनी ही पेटी कधी उघडलेली नव्हती.

खडे कुटून चहाचा एक चमचा पूड घेतली आणि पेलाभर कोमट पाण्यात विरघळवली. हे पाणी माझ्याच हाती ठेवलं. टाकणखार पोटात जाता कामा नये, डोळ्याला लागता कामा नये, हाताला जखम असेल त्याने हात घालायचा नाही, हे आधी बजावलं. अर्धी वाटी फेव्हिकॉल, तेवढंच पाणी, थेंबभर हिरवा रंग, आणि मग ते पाणी चमच्याचमच्याने.

पहिल्या चमच्याला नुसत्या तारा आल्या. दुसऱ्याला मध्येच एक लिबलिबीत गोळा धरला आणि त्याच्याभोवती पाणी सुटून राहिलं. बिघडलं म्हणून भाचा हिरमुसला. खरं तर इथेच हात घालायचा असतो. थोरलीने मळायला घेतलं. आधी बोटांच्या बेचक्यांत सगळं चिकटून बसलं. मळता मळता पाणी आत जिरलं, आणि वडीचं मिश्रण कढईच्या कडा सोडतं तसा गोळा वाटीपासून सुटून आला. मी तिला "आता बास" म्हटलं नाही. ते हातालाच कळलं पाहिजे. टाकणखाराचं पाणी कमी पडलं तर चिकटतं, जास्त झालं तर घट्ट होऊन तुटतं. दोन्ही एकेकदा करून बघितल्यावर तिने तिसऱ्या वेळी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

फेव्हिकॉलमध्ये लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू असतात. टाकणखार त्यांना मध्ये मध्ये एकमेकींत अडकवतो. पण ही पकड सैल असते, सुटते आणि पुन्हा धरते. म्हणून सावकाश ओढलं तर लोंबत जातं, हिसका दिला तर काडकन तुटतं. भाच्याने हे डझनभर वेळा करून पाहिलं. १९७६ मध्ये मॅटेल कंपनीने स्लाइम खेळणं म्हणून बाजारात आणलं ते गवारीच्या बियांच्या डिंकापासून केलेलं होतं, हे सांगितल्यावर धाकट्याला दुपारची भाजी एकदम महत्त्वाची वाटू लागली.

भाची अजून लहान, सगळं तोंडात घालते. तिला टाकणखाराच्या जवळही येऊ दिलं नाही. परातीत दोन वाट्या कॉर्नफ्लोअर आणि वाटीभर पाणी दिलं. बुक्की मारली की घट्ट, हात सैल सोडला की ओघळून जातं. ती तासभर त्यातच होती.

मग थोरलीने विचारलं, "आबा, तुम्ही याचं काय करायचात?"

आबा उठून बसले. असं कुणी विचारल्याला बरीच वर्षं झाली असतील. डाख, म्हणजे सांधा जोडायचा वितळणारा धातू, द्यायच्या वेळी सोनं तापलं की त्याच्या अंगावर मळी धरते, मळीवर डाख पसरत नाही. सवागी वितळून ती मळी ओढून घेते, वारा लागू देत नाही, मग डाख सांध्यात आपोआप शिरतो. हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. पूर्वी ही तिबेटातून यायची म्हणाले. नंतर स्वतःच दिवा मागितला, कूलर बंद करायला लावला. कोळशाच्या तुकड्यावर चिमूटभर पूड ठेवून फुंकणीने ज्योत तिच्यावर धरली. पूड लाहीसारखी फुलली, पार डोंगर झाला. मग बसली, आक्रसली, आणि शेवटी काचेचा स्वच्छ मणी उरला. आबांची फुंक मध्ये एकदाही तुटली नाही. गाल फुगलेलेच, श्वास नाकाने. चौघं पोरं घामाघूम होऊन त्यांच्या गुडघ्यांना चिकटून बसली होती. मुलांना आबांची ओळख पलंगावरचे आबा एवढीच राहील याची मला फार रुखरुख होती. ती आज कमी झाली.

हात धुतलेलं पाणी सासूबाई सवयीने तुळशीला घालायला निघाल्या. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्या घराने पाहिलं, त्या घरात पाणी वाया जात नाही. पण टाकणखार झाडांना मारतो, म्हणून ती बादली संडासाला ठेवली. भाच्याच्या सदऱ्यावर सांडलेलं व्हिनेगरने सुटलं. गोळे मोरीत टाकायचे नाहीत, नळी तुंबते. झाकणाच्या डब्यांत ठेवलेत, वाळून कडक झाले की कचऱ्यात.

थोरलीच्या पैंजणाची कडी दिवाळीपासून तुटलेली आहे. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत आबा ती तिच्यासमोर जोडणार. उरलेला कोळसा पुरायचा नाही म्हणतात, तो आणायचं काम माझ्याकडे.