‘डाग’ हा शब्द वस्तीसोबत बसून ठरवा

नागपुरात फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीवर संशोधन करायचं ठरलं की आधी प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहिला जातो आणि वस्तीतली माणसं आठवतात ती शिबिराच्या आदल्या आठवड्यात, गर्दी जमवायला. तोवर फॉर्म छापून आलेला असतो आणि चुकाही त्यातच छापून आलेल्या असतात. कामठी, मोमिनपुरा किंवा कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखडीजवळच्या वस्तीतले दहा-बारा जण फॉर्म छापण्याआधी दोन-तीन वेळा सोबत बसले, तर यातलं बरंच कागदावरच दुरुस्त होतं.

तपासणी म्हणजे लो डोस सीटी, कमी रेडिएशनचा छातीचा सीटी स्कॅन. अमेरिकेतल्या ५३ हजारांहून जास्त लोकांच्या एनएलएसटी अभ्यासात, २०११ साली, साध्या एक्स-रेच्या तुलनेत या सीटीमुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. युरोपातल्या नेल्सन अभ्यासात, २०२० साली, तपासणी न केलेल्यांच्या तुलनेत पुरुषांमध्ये ही घट २४ टक्के आली. अमेरिकेतला सध्याचा निकष असा: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर (रोज एक पाकीट असं वर्षभर म्हणजे एक पॅक-इयर), आणि आजही ओढणारा किंवा सोडून १५ वर्षं न झालेला. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तिशीपुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, फुफ्फुसाची नाही. आणि तो अमेरिकन निकष सिगारेटच्या पाकिटावर बेतलेला आहे. आपली बिडी, चुलीचा धूर आणि जुना टीबी त्यात कुठेच नाहीत. म्हणूनच इथल्या संशोधनात इथली माणसं लागतात.

फॉर्ममधला पहिला प्रश्न बघा: ‘आपण धूम्रपान करता का?’ कामठीतला बिडी पिणारा माणूस याला सरळ ‘नाही’ म्हणेल. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी धूम्रपान म्हणजे सिगारेट. ‘बिडी पिता का? एक कट्टा किती दिवस पुरतो?’ असं विचारलं की खरा आकडा येतो. वर्षं मोजायलाही कॅलेंडर कामाचं नाही. ‘मोठ्या पोरीचं लग्न झालं तेव्हा पीत होता का? टीबीचं औषध चालू होतं तेव्हा?’ असं विचारत मागे जावं लागतं. बिडी आणि सिगारेट यांचे रकाने वेगळे ठेवा. बिडीचं सिगारेटमध्ये रूपांतर वस्तीत बसून करू नका. रोजच्या बिड्या गुणिले वर्षं एवढं लिहिलं की स्मोकिंग इंडेक्स निघतो, आणि ३०० च्या वर गेला की तो जास्त धरतात. बायकांना हे प्रश्न सासू किंवा नवऱ्यासमोर विचारू नका, उत्तर येणार नाही.

चुलीपुढे आयुष्य गेलेल्या, पण कधी बिडी न प्यायलेल्या बाया येतील तेव्हा खरं सांगा: त्या दोन्ही अभ्यासांत न ओढणारी माणसं नव्हतीच. त्यांना या सीटीचा फायदा होतो, असं त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

‘मोफत सीटी’ असा बॅनर चौकात लावू नका. पहिल्या रांगेत तिशीतली खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणारी पोरं येतील. त्यांना परत पाठवलं तर ती पुन्हा कधी येणार नाहीत. त्याच जागी टॉर्च आणि आरसा घेऊन दंतवैद्य बसवा आणि त्यांची तोंडं बघा, त्यांचा खरा धोका तिथेच आहे. दुसऱ्या रांगेत खोकला आणि थुंकीत रक्त असलेली माणसं असतील. ती स्क्रीनिंगची, म्हणजे त्रास नसताना करायच्या तपासणीची नव्हेत, निदानाची आहेत. त्यांना संशोधनाच्या यादीत अडकवून न ठेवता त्याच दिवशी थुंकीच्या तपासणीला आणि डॉक्टरांकडे पाठवा.

फॉर्मसाठी सोबत बसणाऱ्या या दहा-बारा जणांच्या समितीत कोण हवं? बिडी वळणाऱ्या दोघी, आजही बिडी पिणारा एक, टीबीतून बरा झालेला एक, घरात फुफ्फुसाचा कॅन्सर पाहिलेलं कुणी, आशाताई, आणि पानठेलेवाला. पानठेलेवाल्याच्या नावावर डॉक्टर मंडळी नाक मुरडतात, पण कोण किती पितं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ते त्याने सांगायचं नाही, हे मात्र पहिल्याच बैठकीत लेखी ठरवा. कुणाचाही रिपोर्ट समितीपुढे येणार नाही, नगरसेवकापुढेही नाही. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा आणि एका दिवसाची मजुरी त्याच दिवशी रोख हातात द्या. तीन महिन्यांनी खात्यात येणाऱ्या मानधनासाठी रोजंदारीचा माणूस दुसऱ्यांदा येत नाही. आशाताईंवर आधीच बरीच कामं आहेत. हेही फुकटात त्यांच्या गळ्यात मारू नका.

खुद्द सीटी सोपा आहे. सुई नाही, उपाशी राहायचं नाही, काही सेकंद श्वास धरायचा. रेडिएशन सुमारे दीड मिलिसिव्हर्ट, नेहमीच्या छातीच्या सीटीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं. अडतं ते मंगळसूत्रावर. धातूमुळे फोटो बिघडतो म्हणून ते काढावं लागतं, आणि हे टेबलावर झोपल्यावर कळलं तर बाई उठून जाते. आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, नाव लिहिलेली कापडी पिशवी द्या, आत एक बाई मदतनीस ठेवा.

आता ‘डाग’ या शब्दाकडे. वस्तीत ‘फुफ्फुसात डाग’ म्हणजे टीबी. रिपोर्ट देताना कुणी ‘डाग आहे’ म्हणालं की माणूस एक तर घरी लपवतो, नाही तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात फोटो दाखवतो आणि थुंकी न तपासताच एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते. कॅन्सर असेल तर त्यात महिने जातात. ‘गाठ’ म्हणालात तर घरात रडारड. एनएलएसटीमध्ये ज्यांच्या सीटीत संशयास्पद काही दिसलं, त्यांच्यातल्या ९६ टक्क्यांना कॅन्सर नव्हता. टीबीचे जुने व्रण असलेल्या आपल्या वस्तीत ठिपके भरपूर दिसणार. त्यामुळे निकालाचं वाक्य समितीत मोठ्याने वाचा आणि विचारा, ‘घरी जाऊन बायकोला काय सांगाल?’ उत्तर चुकलं तर वाक्य बदला. उदाहरणार्थ: ‘पाच मिलिमीटरचा ठिपका दिसला, मुगाच्या दाण्याएवढा. असे ठिपके पुष्कळांना असतात. आज औषध नको. एका वर्षाने पुन्हा फोटो काढायचा, तो नक्की काढायचा.’ भरीव ठिपका सहा ते आठ मिलिमीटरचा असेल तर सहा महिन्यांनी, आठ ते पंधराचा असेल तर तीन महिन्यांनी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना हेच वाक्य शिबिराआधी भेटून द्या.

सगळ्यात जास्त माणसं निसटतात ती या पुढच्या तारखेला. रिचार्ज संपतो, नंबर बदलतो, कुणी सोयाबीन काढायला गावी, कुणी बालाघाटला. दोन नंबर घ्या, त्यातला एक नातेवाइकाचा, तोही त्या माणसाच्या परवानगीने. चिठ्ठीवर तारखेसोबत ‘दिवाळीनंतरचा आठवडा’ असंही लिहा. जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी दुसऱ्या फेरीलाही द्या. आणि बजेटमध्ये मशीनच्या भाड्याआधी, हे फोन करणाऱ्या ताईचा अठरा महिन्यांचा पगार लिहा.