तुम्ही विचारलंत म्हणून: नवोदयसाठी शब्दसंग्रहाचं कुठलं पुस्तक आणू?

शाळा सुरू झाली की हा प्रश्न मला हमखास येतो, गेटवर, लग्नाच्या मांडवात, एसटीत सुद्धा, "सर, पोरीला नवोदयला बसवतोय, शब्दसंग्रहासाठी कुठलं पुस्तक आणू?" नवोदय म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय, केंद्र सरकारची निवासी शाळा, तिथे सहावीत जायला प्रवेश परीक्षा असते. उभ्या उभ्या सांगितलेलं पटत नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

आधी पेपर बघा. सहावीच्या प्रवेशाला दोन तासांत 80 प्रश्न, 100 मार्क. त्यात भाषेचे 20 प्रश्न 25 मार्कांना, आणि ते सगळे चार उताऱ्यांवर, एका उताऱ्यावर पाच. म्हणजे समानार्थी असो की विरुद्धार्थी, विचारलेला शब्द उताऱ्यातल्या वाक्यात बसलेला असतो. आणि आपण पोरांकडून घोकून घेतो ते सुटे शब्द, रोज तीस-तीस, पहाटे उठवून. मी पण सुरुवातीची काही वर्षं हेच केलं.

मग एक मुलगी आली वर्गात, शब्दांची अख्खी वही तोंडपाठ. सरावाच्या उताऱ्यात वाक्य होतं, 'उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे पडले.' पात्र म्हणजे काय, तर तिने 'भांडे'चा गोल भरला. विचारलं तर म्हणाली, "सर, वहीत तेच आहे." खरंच होतं, आणि ती यादी मीच दिलेली. मग तिला विचारलं, उन्हाळ्यात तुम्ही पोरं खेळता कुठे, तर म्हणे नदीत, वाळूत, पावसाळ्यात पाणी असतं ना तिथंच. म्हटलं तेच पात्र बाळा. त्या दिवशी तिने नदीचं पात्र, पूजेचं पात्र, नाटकातलं पात्र आणि बक्षिसाला पात्र अशी चार वाक्यं स्वतः लिहिली, आणि तेव्हापासून मी याद्या देणं बंद केलं.

आता मी एवढंच करून घेतो, उताऱ्यात अडलेला शब्द बोटाने झाकायचा, त्या जागी आपल्या मनाचा शब्द घालून वाक्य मोठ्याने वाचायचं, आणि मगच पर्याय बघायचे. महिनाभर रोज एक उतारा असा केला की मुलं अर्थ अंदाजाने पण बरोबर काढायला लागतात, कारण वाक्यच सांगत असतं.

दुसरं, आणि हे मला मनापासून सांगायचंय, घरातल्या बोलण्याला कमी लेखू नका. कितीतरी पालक म्हणतात आमची भाषा गावठी, तिच्याने काय होणार. अहो, नवोदयच्या निदान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठीच असतात! स्कॉलरशिपच्या पुस्तकात समूहदर्शक शब्द म्हणून भाकऱ्यांची चवड, पिकत घातलेल्या आंब्यांची अढी, गवताची गंजी पाठ करायला लावतात, आणि घरात आजी रोज तेच शब्द बोलत असते पण पोराला तिच्याजवळ बसायला वेळ नाही कारण त्याला क्लासला जायचंय. फार वाईट वाटतं याचं. बसू द्या त्याला आजीजवळ. बोलण्यातला शब्द पुस्तकात थोडा वेगळा लिहिलेला असेल तर तेवढं आम्ही शाळेत बघून घेऊ.

वाचायला बालभारतीचं 'किशोर' मासिक द्या, 1971 पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट मिळतात. रोज एक पान मुलाने मोठ्याने वाचायचं, तुम्ही फक्त ऐकायचं, मधे टोकायचं नाही, पान संपल्यावर अडलेल्या एक-दोन शब्दांवर बोलायचं.

आणि पुस्तक आणायचंच असेल तर मागच्या प्रश्नपत्रिकांचा एक संच आणा, सोबत शंभर पानी वही. वहीत तीन रकाने, शब्द, स्वतःचं वाक्य, आणि कुठे ऐकला. त्या मुलीच्या नव्या वहीत पहिल्याच पानावर होतं, 'चवड. आईने भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधली. आई, चुलीपाशी.'